डिमॅजिओ की रॉबिन्सन?

१९४७ च्या न्यूयॉर्कमधल्या दहा वर्षांच्या पोराची गोष्ट लिहायची, तर त्याचा हिरो कोण? यँकीज या बेसबॉल संघातल्या जो डिमॅजिओच्या नावावर १९४१ चा सलग ५६ सामन्यांत हिटचा (चेंडू टोलवून बेस, म्हणजे धावेतला टप्पा, गाठण्याचा) विक्रम; संघही जिंकणारा. मिरवायला झकास, पण मला त्यात गोष्ट सापडत नाही.

न्यूयॉर्कमधल्याच ब्रुकलिन डॉजर्स संघाचा जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिलला एबेट्स फील्डवर उतरला, आधुनिक मेजर लीगमधला (बेसबॉलच्या सर्वोच्च स्तरावरचा) पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून. शिव्या ऐकायच्या, उलटून बोलायचं नाही, बेस मात्र चोरायचे! (ही चोरी नियमातली: चेंडू टोलवला जाण्याची वाट न पाहता पुढचा बेस पळत गाठायचा.) ‘हा गप्प का बसतो?’ असं पोराने बापाला विचारलं, की गोष्ट सुरू. त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम लढत, डॉजर्स यँकीजकडूनच हरले. जिंकायला १९५५ उजाडलं. तोवर पोर अठरा वर्षांचं झालेलं.