पैसेही गेले आणि गाडीचा रंगही: घरपोच 'सिरॅमिक कोटिंग'चा अनुभव

ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये रविवारी सकाळी गेटजवळ टेबल टाकून घरपोच सिरॅमिक कोटिंग (गाडीच्या रंगावर चढवायचा कडक, टिकाऊ संरक्षक थर) विकणारी पोरं दिसली, तर त्यांना गाडीला हात लावू देऊ नका. पुढचं वाचायला वेळ नसेल तरी एवढं लक्षात ठेवा. माझे ११,२९९ रुपये त्यांनी नेले. त्यांनी जाळलेलं बॉनेट रंगवायला ५,८०० लागले आणि रंगाची तपासणी करायला ५००. एकूण १७,५९९ रुपये. यातला एक रुपयाही परत आलेला नाही.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी त्यांचा स्टॉल लागला. काळे टी-शर्ट, मोठा बॅनर आणि स्टँडवर ठेवलेलं एक जुनं बॉनेट, मधोमध टेप लावून अर्धं चकचकीत केलेलं. बाटलीतून पाणी ओतलं की त्या अर्ध्या भागावर थेंब टपोरे होऊन घरंगळत जायचे. मग लायटर पेटवून ज्योत फिरवायची, डाग पडला नाही हे दाखवायचं. "नाइन एच हार्डनेस आहे ताई, किल्ली घासली तरी ओरखडा येणार नाही." मूळ भाव १८,०००, पाडवा ऑफर ७,९९९, तीन वर्षांची वॉरंटी, बुकिंगला फक्त १,०००.

साधं स्प्रे वॅक्स मारलं तरी पाणी तसंच घरंगळतं. आणि नाइन एच हे पेन्सिलच्या कडकपणाचं माप आहे. किल्लीने कुठल्याही कोटिंगवर ओरखडा पडतोच. हे दोन्ही दावे कुणी करून दाखवायला लागलं की तिथूनच निघा.

मला गाडीतलं काही कळत नाही म्हणून मी फसले, असं सोसायटीच्या ग्रुपवर सुचवलं गेलं. त्याचा मला मनस्वी राग आहे. माझी गडद निळी बलेनो मी पहिल्या दिवसापासून स्वतः सांभाळते. दिवाळीला आणि पावसाळ्याआधी हाताने वॅक्स करते, तेही नीट: गाडी सावलीत, पत्रा गार, एका वेळी एकच पॅनेल, पातळ हात, धूसर झालं की स्वच्छ मायक्रोफायबरने पुसून काढायचं. पण इथली धूळ बघा. मेट्रो ४ चं काम सुरू झाल्यापासून गाडी सकाळी पुसली तर संध्याकाळी वर बोट ओढून नाव लिहिता येतं. उन्हाळ्यात पाण्याचे टँकर, म्हणून पार्किंगमध्ये पाइप लावायला बंदी. गाडी पुसणारा मुलगा एकाच कोरड्या फडक्याने वीस गाड्या पुसतो आणि ती धूळ रंगावर घासली जाते. गडद रंगावर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात ते यामुळेच. वॅक्स ते जेमतेम झाकतं, काढत नाही. ते काढायला पॉलिश लागतं आणि पॉलिश म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचा, क्लिअर कोटचा, अगदी पातळ पापुद्रा घासून काढणं. एकदा नीट पॉलिश करून वर टिकणारं कोटिंग घ्यावं, हा माझा विचार चुकीचा नव्हता. आमच्या विंगमधले निवृत्त इंजिनिअर काका याच पोरांकडून फसलेत. 'मॅडम आहेत म्हणून गंडवलं' म्हणणाऱ्यांनी आधी त्यांच्याकडे जाऊन हे बोलून दाखवावं.

कामाच्या दिवशी दोघं आले. गाडी धुतली आणि लगेच टॉर्च मारून ओरखडे दाखवायला सुरुवात. "पेंट करेक्शन केल्याशिवाय कोटिंग बसणार नाही, २,५०० होतील." तेवढ्यात दुसऱ्याने दाराच्या खालच्या भागावरचे बारीक तांबूस ठिपके दाखवले. लोखंडी कण रुतलेत म्हणे, आयर्न रिमूव्हरचे ८०० वेगळे. या दोन्ही गोष्टी खऱ्या असतात, तिथेच तर गोची आहे. कोटिंगआधी पॉलिश लागतं आणि लोखंडी कणही काढावे लागतात. खोटं बोलणारा माणूस अर्धं खरं बोलतो तेव्हा त्याला पकडायचं कसं? मी हो म्हटलं. ७,९९९ अधिक २,५०० अधिक ८००, म्हणजे ११,२९९.

मशीन होतं रोटरी, म्हणजे एकाच जागी गरगर फिरणारं, लोकरीचं पॅड लावलेलं. असं पॅड फार जोरात कापतं आणि एका जागी रेंगाळलं की रंग तापतो. जाणकार माणूस बॉनेटच्या कडांना आधी टेप लावतो, कारण कडेवर क्लिअर कोट मुळातच पातळ असतो. यांनी टेप लावली नाही. सरळ कडेवरून मशीन फिरवलं आणि थोडा जळका वास आला. "पॅड नवीन आहे, त्याचा वास येतो," तो म्हणाला.

आणि मग ती बाटली. अजून झोपताना डोळ्यासमोर येते. अर्धा लिटरची प्लॅस्टिकची स्प्रे बाटली, लेबल खरवडून काढलेलं, गोंदाचा चिकट पट्टा तेवढा राहिलेला, आत दुधासारखं पांढरं पातळ द्रव. त्याने ते बॉनेटवर फसाफसा मारलं आणि खांद्यावरच्या पिवळ्या फडक्याने पुसत सुटला. तेच फडकं थोड्या वेळापूर्वी पार्किंगच्या फरशीवर पडलेलं मी बघितलं होतं. खरं सिरॅमिक कोटिंग ३० किंवा ५० मिलीच्या छोट्या काचेच्या बाटलीत येतं, पाण्यासारखं स्वच्छ असतं. ठोकळ्याला गुंडाळलेल्या मऊ स्वेडच्या कापडावर त्याचे मोजके थेंब घेतात, दोन-दोन फुटांच्या तुकड्यात उभं-आडवं लावतात, इंद्रधनुषी झाक येईपर्यंत थांबतात आणि मगच पुसतात. मी विचारलंसुद्धा, "हे स्प्रेमध्ये कसं?" तो हातातलं काम न थांबवता म्हणाला, "ड्रॉपरवालं जुनं झालं ताई, ही नॅनो टेक्नॉलॉजी आहे." तिथेच त्याच्या हातातून बाटली काढून घेऊन त्याला गेटबाहेर काढायला हवं होतं. पण बॉनेट घासून झालेलं, १,००० आधीच गेलेले, उरलेली गाडी अर्धवट. अशा वेळी काम बंद पाडायचं धाडस कोण करतं? त्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणूनच ती बाटली अर्धं काम झाल्यावर बाहेर निघते. कोटिंगची सीलबंद बाटली काम सुरू होण्याआधी बघायला मागा, पैशांचं बोलणंसुद्धा त्यानंतर.

दहाला आले, एकला आवरलं. धुणं, मातीच्या वडीने रंगावर रुतलेला मळ काढणं, पॉलिश, कोटिंग हे सगळं नीट करायला किमान पूर्ण दिवस लागतो, बऱ्याचदा दोन. वर म्हणतो, "उद्या धुतली तरी चालेल." खरं कोटिंग साधारण आठवडाभर पाण्यापासून आणि शॅम्पूपासून जपावं लागतं.

पैसे द्यायला निघालेला क्यूआर स्टॉलवरचा नव्हता. नाव कुठल्या तरी भलत्याच व्यक्तीचं. "मालकाचा भाऊ आहे." बिल मागितलं तर जीएसटी अठरा टक्के वर द्यावा लागेल म्हणे, त्यापेक्षा वॉरंटी कार्ड घ्या. कार्डावर शिक्का आहे, पत्ता नाही. त्यावरचा नंबर आता बंद आहे.

पंधरा-वीस दिवस गाडी आरशासारखी दिसत होती. कुणालाही विचारा, सगळ्यांनी कौतुक केलं. मग शॅम्पूने धुणं होत गेलं तसे जुने ओरखडे एकेक करून परत आले, आणि शिवाय नवीन. पॉलिशमधली आणि ग्लेजमधली (वरवर चमक आणणाऱ्या लेपातली) तेलं, फिलर ओरखड्यांत भरून बसतात आणि रंग गुळगुळीत भासतो. धुण्यात ते निघून जातात. मानपाड्याच्या फ्लायओव्हरवरून सकाळच्या उन्हात उतरताना बॉनेटवर मशीनच्या फिरण्याच्या लांबलचक झाका लाटांसारख्या हलताना दिसल्या. याला होलोग्रॅम म्हणतात, घाईत रोटरी मारल्याची खूण. आणि डाव्या कडेला, हेडलाइटच्या वर, बोटभर लांबीचा फिका पट्टा. हात फिरवला तर खरखरीत. जळक्या वासाचा अर्थ तेव्हा लागला.

गाड्यांचं पॉलिश-कोटिंग करणाऱ्या दुसऱ्या एका जाणत्या डिटेलरकडे ५०० रुपये देऊन रंगाची जाडी मोजून घेतली. छतावर आकडे ११० मायक्रॉनच्या आसपास, बॉनेटवर बऱ्याच ठिकाणी ९० च्या घरात, त्या कडेला ५८. क्लिअर कोट असतो साधारण ४० ते ५० मायक्रॉन, माणसाच्या केसापेक्षाही पातळ. तो गेला की खालच्या रंगाला उन्हापासून वाचवायला काही उरत नाही आणि कुठलंही पॉलिश, वॅक्स, कोटिंग तो परत आणत नाही. पैसे एखाद वेळेस परत मिळतील. कंपनीतून आलेला तो थर मिळणार नाही. माझा खरा संताप यासाठी आहे.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस चौकीत गेले. अंमलदारांनी खाली येऊन गाडी बघितली आणि म्हणाले, "मॅडम, गाडी तर चकाचक आहे की." उन्हात काढलेले फोटो दाखवले, जाडीचे आकडे दाखवले. "ही दिवाणी बाब आहे, काम केलंय ना त्यांनी? आवडलं नाही म्हणून गुन्हा होत नाही." जी वस्तू लावलीच नाही तिचे पैसे घेणं ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ मग कशासाठी आहे? तक्रार अर्ज घ्यायलाही तयार नव्हते. पोच मिळाल्याशिवाय उठणार नाही म्हटल्यावर शिक्का मारून दिला. त्यानंतर कधीही जा, साहेब बंदोबस्ताला. अर्ज कुठल्या टेबलावर आहे हे कुणाला माहीत नाही. एकदा तर मलाच विचारलं, "त्यांचा पत्ता आणा, मग बघू." पत्ता मला माहीत असता तर मी पोलिसांकडे आले असते का?

बँकेत वेगळी तऱ्हा. तुम्ही स्वतः पिन टाकलात, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीने झाला, आमच्या हातात काही नाही. ज्याच्या खात्यात पैसे गेले तो कोण, तर गोपनीयता. चोराला गोपनीयता आहे, आमचे मात्र आधार, पॅन दर वर्षी मागतात. पेमेंट ॲपच्या तक्रार विभागाने तिकीट उघडलं आणि 'निराकरण झाले' म्हणून परस्पर बंदही केलं.

सगळ्यात कडवट अनुभव आमच्याच कमिटीचा. त्या स्टॉलसाठी सोसायटीने दिवसाचे ३,००० रुपये भाडं घेतलं होतं. मी विचारलं, ज्याला जागा दिलीत त्याचं आधार, दुकानाचा परवाना, काहीतरी घेतलं असेल ना? सेक्रेटरी म्हणाले, "आम्ही फक्त जागा दिली, व्यवहार तुमचा तुम्ही केलात." सीसीटीव्ही पंधरा दिवसांनी पुसलं जातं. गेटवरच्या नोंदीत गाडीचा नंबर असणारच, पण तो द्यायला कमिटीचा ठराव लागतो आणि बैठक पुढच्या महिन्यात. भाडेकरूची पोलीस पडताळणी झाली नाही तर दंड लावणारी हीच कमिटी. ३,००० साठी कुणालाही आत घेणार असाल, तर निदान त्याचं नाव-गाव लिहून ठेवा!

तुमच्याबाबतीत असं झालं असेल तर हे करा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. यूपीआयने पैसे गेले असतील आणि फसवणूक लगेच कळली असेल तर १९३० वर त्याच दिवशी, पहिल्या काही तासांत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे; 'बिल हवं तर वर पैसे' असं कुणी म्हटलं तर ते चॅटवर लिहून घ्या. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते. समोरच्याचा धड पत्ता नसेल तर नोटीस पाठवायची कुठे, हा प्रश्न मात्र उरतोच. आम्ही नेमके तिथेच अडकलो आहोत.

गाडी घरीच करणार असाल तर मशीन ड्युअल ॲक्शन (फिरता फिरता हलणारं, म्हणून कमी तापणारं) घ्या, रोटरी नको, आणि सुरुवात सगळ्यात मऊ पॅडने, सगळ्यात सौम्य पॉलिशने. आधी दाराच्या खालच्या कोपऱ्यात एक वीतभर जागा करून बघा. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं बाद. कोरड्या गाडीवर कोरडं फडकं कुणालाही फिरवू देऊ नका, गाडी पुसणाऱ्याला स्वतःचे दोन मायक्रोफायबर देऊन ठेवा. पॉलिश झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून एका तुकड्यावर पुसा. तेल निघून जातं आणि ओरखडे खरंच गेले की नुसते झाकले गेले ते तिथल्या तिथे कळतं. हेच पुसून दाखव असं त्या पोरांना सांगितलं असतं तर बॉनेटवरच सगळं उघडं पडलं असतं. वॅक्स काही आठवडे ते काही महिने टिकतं. तेवढंच टिकतं हे धरून चाला आणि पावसाळ्याआधी पुन्हा करा.

आमच्या सोसायटीतले आम्ही पाच जण एकत्र तक्रार करतोय. मानपाडा, कोलशेत, कासारवडवली भागात कुणी याच पाडवा ऑफरमध्ये ७,९९९ भरले असतील तर क्यूआरवरचं नाव, व्यवहाराचा क्रमांक आणि वॉरंटी कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो जपून ठेवा. तुमच्या गेटवरच्या नोंदीतला गाडीचा नंबर आजच मागून घ्या, कमिटीने तो पुसून टाकण्याआधी. आमच्या अर्जात सध्या तेवढीच जागा रिकामी आहे.