नॅस्टर्शियम: बी लावल्यापासून सहा महिने

ऑक्टोबरच्या मध्यावर, पाऊस पुरता थांबल्यावर, पुण्यातल्या आमच्या गच्चीत नॅस्टर्शियम या फुलवेलाच्या २० बिया लावल्या. आता एप्रिलच्या उन्हात वेल पिवळे पडले आहेत, म्हणून सगळा हंगाम पाहूनच लिहितेय.

बी मटारएवढं, सुरकुतलेलं, कवच टणक. रात्रभर भिजवून साधारण एक सेंटिमीटर खोल पुरलं. याला रुजायला अंधार लागतो, तेव्हा वरून माती नीट हवीच. नवव्या दिवशी कोंब दिसले, १४ रोपं झाली. पण ट्रेमधली चार कुंडीत हलवताना मुळं दुखावली आणि तीन गेली. थेट कुंडीतच पेरा.

खताचं मात्र सविस्तर सांगते. दोन कुंड्यांत मी प्रेमानं निम्मं गांडूळखत घातलं. पानं तळहाताएवढी झाली, वेल कठड्यावरून खाली उतरले, फूल मात्र जानेवारी सरेपर्यंत एकही नाही. शेजारच्या कुंडीत मागच्या वर्षीची उरलेली माती आणि थोडी वाळू होती. तिथं डिसेंबरातच केशरी फुलं! नत्र जास्त मिळालं की हे झाड नुसतं पानांवर जातं. मुळात ते दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचं. थंड हवा आणि हलकी, निचऱ्याची माती त्याला मानवते.

देठ पानाच्या मध्याजवळ जोडलेला असतो, त्यामुळे पान ढालीसारखं दिसतं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं त्यावरूनच ट्रोपिओलम हे शास्त्रीय नाव योजलं: पान ढाल, फूल शिरस्त्राण, वेल म्हणजे विजयस्तंभ. पाणी घातलं की अळूच्या पानासारखे थेंब घरंगळतात. सकाळचा माझा चहा तिथंच होतो.

पान चावलं की क्षणभर काही नाही, मग मोहरी-मुळ्याचा झणका. काकडीच्या कोशिंबिरीत चार पानं पुरतात. फुलं सौम्य, मागच्या शेपटीत मध असतो, त्यासाठी शिंजीर पक्षी रोज यायचा.

फेब्रुवारीत कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, आला. पानं खायची असल्यानं रासायनिक औषध टाळलं; पाण्याची जोरदार धार मारली, फार माखलेले शेंडे खुडून टाकले. दोन आठवडे रोज हे करावं लागलं.

बिया तीन-तीनच्या झुपक्यात धरतात. हिरव्या असताना थोड्या मीठ-व्हिनेगरमध्ये मुरवल्या, छान तिखट लागल्या. बाकीच्या पिवळट होऊन आपोआप गळल्यावर वेचल्या, सावलीत वाळवल्या. ६३ भरल्या. कागदी पुडीवर लिहून ठेवलंय: ऑक्टोबर, जुनी माती, खत नाही.