1098 चाइल्ड हेल्पलाइन, कोल्हापुरातला अनुभव

सर्विस एक नंबर आहे, आधी ते सांगतो. सीबीएस (मध्यवर्ती बस स्टँड), स्टेशन, महाद्वार रोड, रंकाळा, सगळीकडं एकटी फिरणारी पोरं दिसतात आणि आपण दहा रुपये हातावर टेकवून पुढं जातो, त्यापेक्षा हा नंबर लावा. 24 तास चालू, टोल फ्री. 1996 ला मुंबईत सुरू झालेली लाइन, 2023 पासून सरकारच चालवतंय आणि 112 या इमर्जन्सी नंबरला जोडलीय.

मी सीबीएसवरनं लावलेला. नऊ-दहा वर्षांचं पोरगं, पाय सुजलेला, एकाच पायात चप्पल. फोनवर विचारलं कुठं आहे, वय अंदाजे किती, लागलंय का, सोबत कोण आहे का, माझ्या नावाची सक्ती नव्हती. टीम येईपर्यंत जवळ थांबा म्हणाले. ज्या ताई आल्या त्यांनी त्याचा हातबित धरला नाही, शेजारी फरशीवर बसल्या, पाणी दिलं, पाय कशानं दुखतोय विचारलं आणि नाव सगळ्यात शेवटी. माझ्याशी तोवर एक शब्द बोललं नव्हतं ते, त्यांना चप्पल कुठं पडली ते पण सांगितलं.

मधे एकजण मोबाईल काढून त्याचा व्हिडिओ करायला लागला, ग्रुपवर टाकतो म्हणे. ताईंनी तिथंच थांबवलं. 2015 च्या बाल न्याय कायद्यात अशा पोराची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, हे लई जणांना माहीतच नाही, चांगल्या मनानं फोटो फिरवत बसतात.

पोराला डांबून ठेवतात ही पण भीती काढून टाका. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बालकल्याण समितीसमोर न्यावंच लागतं, घरी पाठवायचं का बालगृहात ते समिती ठरवते, आणि पोराचं म्हणणं ऐकून.

ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं तिथं शाळेच्या टायमाला पोरं फुगे विकताना बघून पोटात तुटतं राव.

नंतर मी परत फोन केला तर सुरक्षित आहे एवढंच सांगितलं, बाकी माहिती दिली नाही, आणि ते मला लई आवडलं. हॉटेलात, गॅरेजवर 14 च्या आतलं पोरगं राबताना दिसलं तरी हाच नंबर. पोरं स्वतः पण लावू शकतात, म्हणून घरातल्या पोरांकडनं पाठ करून घ्या.