तिकीट मिळते, पडदा कळत नाही

यंदा ज्या दोन चित्रपटांची मी दिवस मोजून वाट पाहत आहे, ते दोन्ही घरी परतणाऱ्या राजांचे आहेत. ख्रिस्तोफर नोलन यांचा प्राचीन ग्रीक महाकाव्यावरचा ‘द ओडिसी’ १७ जुलै २०२६ रोजी प्रदर्शित व्हायचा आहे आणि नितेश तिवारी यांच्या ‘रामायण’चा पहिला भाग दिवाळीत. दोन्ही कथांचा शेवट प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक आहे. नाशिकच्या पंचवटीत लहानाचे मोठे झालेल्या माणसाला सीताहरण कुठे झाले हे कोणी चित्रपटातून सांगायला नको. तरीही उत्सुकता आहे, कारण ती ‘काय होणार’ याची नसून ‘कसे दाखवणार’ याची आहे, आणि म्हणूनच हे चित्रपट कोणत्या पडद्यावर पाहायला मिळणार हा माझ्या दृष्टीने पहिला प्रश्न आहे. या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी गेली काही वर्षे मी ज्या तिकीट-नोंदणीच्या ॲपवर अवलंबून आहे, त्या सेवेचे हे परीक्षण. ॲपचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण थोड्याफार फरकाने या सगळ्यांची तऱ्हा तीच आहे.

आधी श्रेय द्यायला हवे. चश्मा लावणाऱ्या आणि मानेच्या दुखण्याने त्रासलेल्या माणसाला आपली खुर्ची आपण निवडता येणे ही मोठी सोय आहे. तिकीटबारीवर ‘बाल्कनीची दोन द्या’ म्हणायचे आणि आत गेल्यावर खांबाच्या आड किंवा पहिल्या रांगेच्या कोपऱ्यात बसायचे, हे मी नाशिकच्याच शालिमार भागात तरुणपणी पुष्कळ केले आहे. शुक्रवारी दुपारी रणरणत्या उन्हात सायकल हाणत जावे आणि ‘हाउसफुल्ल’ची पाटी पाहून परत फिरावे, किंवा ब्लॅकवाल्याशी घासाघीस करावी, या आठवणींना उगाच सोनेरी मुलामा देण्यात मला रस नाही. ॲपने तो त्रास संपवला. खुर्च्यांचा नकाशा स्वच्छ दिसतो, पैसे लगेच पोचतात, दारावरच्या माणसाला मोबाइल दाखवला की काम होते. नोव्हेंबर २०२४ पासून सेन्सॉर प्रमाणपत्रांतल्या ‘यूए’ गटाची वर्गवारी सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील अशी झाली, तीही येथे ठळकपणे दिसते. दहा वर्षांच्या भाच्याला बरोबर न्यायचे असेल, तर तेवढ्यावरून घरातला वाद मिटतो.

पैशांचा भाग थोडक्यात सांगतो. मागच्या खेपेस २५० रुपयांची दोन तिकिटे काढली. ५०० रुपयांवर प्रत्येक तिकिटामागे ३० रुपये सुविधा शुल्क लागले आणि त्या ६० रुपयांवर १८ टक्के कराचे १० रुपये ८० पैसे. म्हणजे सोयीची किंमत ७० रुपये ८० पैसे. मध्यंतरात एक चहासुद्धा ज्या पैशांत येत नाही, तेवढ्याचा बाऊ करायचा नाही असे एक वेळ मानले, तरी सुविधा शुल्क घेतल्यावर सुविधा कोणती, हे विचारण्याचा हक्क उरतोच. सप्टेंबर २०२५ मध्ये १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण त्यावरच्या तिकिटांना १८ टक्के कायम राहिला. मल्टिप्लेक्समध्ये जाणाऱ्याला त्या सवलतीचा उपयोग क्वचितच होतो.

खरी तक्रार वेळेची आहे. ‘द ओडिसी’च्या आयमॅक्स ७० मिलिमीटरच्या, म्हणजे भव्य पडद्यावर रुंद फिल्म-प्रतीवरून दाखवायच्या, निवडक खेळांची तिकिटे अमेरिका आणि ब्रिटनसह काही देशांत १७ जुलै २०२५ रोजी, म्हणजे प्रदर्शनाच्या बरोबर एक वर्ष आधी विक्रीस आली. त्या दिवशी चित्रपटाचे चित्रीकरण पूर्णसुद्धा झाले नव्हते. तिकडच्या प्रेक्षकाने न बनलेल्या चित्रपटातली आपली खुर्ची पक्की केली; नाशिकच्या प्रेक्षकाला मात्र शुक्रवारच्या खेळाची वेळ बरेचदा बुधवारी संध्याकाळी कळते. यामागे कारण आहे आणि ते न्यायाने सांगितले पाहिजे. आपल्याकडे चित्रगृहांचे वेळापत्रक आठवड्याच्या हिशोबाने ठरते. चालू चित्रपटाचा धंदा कसा आहे ते पाहूनच नव्याला किती खेळ द्यायचे याची वितरक आणि चित्रगृह यांच्यात ओढाताण होते, आणि ती मिटेपर्यंत ॲपजवळ दाखवायला काही नसते. दोष एकट्या ॲपचा नाही. पण मग ‘लवकरच नोंदणी सुरू’ अशी पाटी महिना-महिना झळकवत ठेवण्यात काय अर्थ आहे? रेल्वे ६० दिवस आधी आरक्षण देते, डब्याचा आणि खुर्चीचा क्रमांक सांगते, आणि गाडी उशिरा आली तरी ती कोणती गाडी आहे याबद्दल संभ्रम नसतो. येथे संभ्रम नेमका त्याचाच आहे.

नोलन यांचाच अणुबॉम्बच्या निर्मितीवरचा ‘ओपनहायमर’ २१ जुलै २०२३ रोजी आला, तेव्हाचा अनुभव सांगतो. तीन आठवडे आधी ॲपवरचे ‘मला पाहायचा आहे’ हे बटण दाबून ठेवले होते. त्या बटणाचा परिणाम असा झाला की मध्यंतरीच्या काळात मला इतर सतरा चित्रपटांच्या, एका विनोदी एकपात्री कार्यक्रमाच्या आणि एका दांडियाच्या सूचना आल्या. ज्याची वाट पाहत होतो त्याची सूचना आली तेव्हा मधल्या रांगा लाल झाल्या होत्या, म्हणजे विकल्या गेल्या होत्या. उरलेल्यांतून कडेच्या दोन खुर्च्या घेतल्या. आत गेल्यावर दिसले ते असे: पडदा मधोमध एका जागी सुरकुतलेला, प्रोजेक्टरचा दिवा आयुष्याच्या शेवटाला आलेला, आणि अणुचाचणीचा प्रसंग, ज्यासाठी एवढा खटाटोप केला तो, कंदिलाच्या उजेडात पाहावा तसा. डिजिटल प्रक्षेपणाच्या मान्य मानकाप्रमाणे पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (हे पडद्यावरच्या उजेडाचे माप) उजेड पडायला हवा. त्या दिवशी निम्मा तरी होता का, याची मला शंका आहे. शेजारच्या तरुणाने खिशातला मोबाइल काढला तेव्हा त्याचा उजेड नेवाडाच्या वाळवंटापेक्षा जास्त वाटला. (वाळवंट न्यू मेक्सिकोचे होते, हे मला घरी येऊन आठवले, तेवढ्यावरून त्या खेळात माझे लक्ष किती लागले असेल ते समजावे.)

हे सर्व तिकीट काढण्याआधी कळणे शक्य होते का? ॲपवर पडद्याचा क्रमांक असतो, पण तो पडदा केवढा, प्रोजेक्टर लेझरचा की जुन्या झेनॉन दिव्याचा, चित्राची सूक्ष्मता दोन के की चार के, इंग्रजी संवादांखाली अक्षरे आहेत की नाहीत, यांपैकी एकही गोष्ट नसते. नोलन यांच्या बाबतीत ही माहिती हौसेची नव्हे. ‘द ओडिसी’ हा पूर्णपणे आयमॅक्सच्या फिल्म-कॅमेऱ्यांवर चित्रित झालेला पहिला चित्रपट आहे. त्या कॅमेऱ्यात ६५ मिलिमीटरची फिल्म आडवी धावते, एका चौकटीला फिल्मच्या कडेची १५ छिद्रे लागतात आणि चौकट रुंदी-उंचीच्या १.४३ : १ या प्रमाणात, जवळजवळ चौरसाकडे झुकणारी असते. ती २.३९ : १ च्या रुंद पडद्यावर बसवायची ठरली, तर उंचीचा सुमारे ४० टक्के भाग गळतो. ‘ओपनहायमर’ची आयमॅक्स ७० मिलिमीटरची फिल्म-प्रत जगातल्या केवळ ३० चित्रगृहांत लागली आणि त्यांत भारतातले एकही नव्हते, ती प्रत सुमारे १८ किलोमीटर लांब आणि पावणेतीनशे किलोच्या आसपास वजनाची होती. आपल्याकडे येते ती डिजिटल प्रत. त्यात कमीपणा काही नाही, मात्र तिला निदान धड दिवा तरी मिळावा.

ज्या शहराला चित्रपटाचे हे वेड नवे नाही, त्या शहरात हे होते याचे वाईट वाटते. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित केल्यानंतर आपले बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलवला आणि पुढचे चित्रपट येथेच केले. त्यांचा पहिला चित्रपट साधारण ३,७०० फुटांचा होता. ‘द ओडिसी’साठी वीस लाख फुटांहून अधिक फिल्म खर्ची पडली, असे नोलन यांनी सांगितले आहे. फाळके यांनीही ज्यांचा शेवट सर्वांना पाठ आहे अशाच गोष्टी निवडल्या होत्या, आणि हनुमान आकाशात उडतो कसा, ते पाहायला माणसे लोटली होती.

ग्राहकसेवेचीही परीक्षा घेतली. ॲपच्या संवाद-खिडकीत मी सरळ मराठीत विचारले की अमुक चित्रगृहाच्या तीन क्रमांकाच्या पडद्याला कोणता प्रोजेक्टर आहे. उत्तर आले, ‘आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. कृपया आपला नोंदणी क्रमांक द्या.’ अजून नोंदणी केलेली नाही, करू की नको हेच ठरवायचे आहे, असे लिहिल्यावर मला परतावा मिळण्याचे नियम पाठवण्यात आले. दुसऱ्या दिवशी भाजी घ्यायला बाहेर पडलो होतो, तेव्हा त्या चित्रगृहात डोकावलो आणि दारावरच्या मुलाला तोच प्रश्न केला. तो म्हणाला, “काका, तीन नंबरचं नका घेऊ, तिथं दिवा बसलाय. एक नंबरला नवीन मशीन टाकलंय, मागून चौथी रांग घ्या.” एवढी माहिती मिळायला अर्धा मिनिट लागला आणि सुविधा शुल्क शून्य.

तेव्हा माझा निवाडा असा की खुर्ची निवडण्यासाठी आणि पैसे भरण्यासाठी ही सेवा उत्तम आहे, पण पडदा निवडण्यासाठी निरुपयोगी आहे. पाचपैकी तीन गुण देतो, आणि ज्या दिवशी पडद्याच्या क्रमांकाखाली प्रोजेक्टरची एक ओळ दिसेल त्या दिवशी चौथा आनंदाने देईन. ‘रामायण’ मी नाशिकलाच पाहणार आहे, एक नंबरच्या पडद्यावर, मागून चौथ्या रांगेत. तो चित्रपट आपल्या माणसांच्या हुंकारात पाहण्याचा आहे. ‘द ओडिसी’ मात्र मुंबईच्या आयमॅक्स पडद्यावर पाहायचा ठरवला आहे. नाशिकरोड ते मुंबई १८७ किलोमीटरचा रेल्वेमार्ग, त्यात जुलैचा पाऊस आणि कसाऱ्याचा घाट. वीस वर्षांनी घरी पोचलेल्या नायकाचा चित्रपट पाहून रात्री वेळेवर घरी पोचता यावे, एवढीच इच्छा आहे. सकाळची पंचवटी एक्सप्रेस अकराच्या आत मुंबईत सोडते आणि परतीची सव्वासहाला निघते, म्हणून तीन तासांचा खेळ या दोहोंच्या मध्ये बसला पाहिजे. खेळाच्या वेळा कळायला अजून अवकाश आहे, पण गाडीचे आरक्षण १८ मे रोजी सकाळी ८ वाजता उघडेल. जाण्या-येण्याच्या दोन-दोन खुर्च्या मी त्याच वेळी काढून ठेवणार आहे.