दुनळीचा मापाचा दस्ता : बर्मिंगहॅममधील एका कारागिराच्या सेवेविषयी

नळीच्या तोंडाशी रंगीत चोक (छऱ्यांचा फैलाव ठरवणारी नळकांडी) बसवले, दस्त्यामागे, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागामागे, जाड रबरी गादी लावली आणि नळीच्या टोकाला चमकणारा हिरवा मणी चिकटवला की बंदूक ‘कस्टम’ झाली, असे इंग्लंडमधील क्ले शूटिंगच्या (हवेत फेकलेल्या चकत्यांवरील नेमबाजीच्या) मैदानांवर सर्रास मानले जाते. हे सुटे भाग वाईट नसतात आणि त्यांतले काही मीही वापरतो. परंतु तासाभरात काढून ते दुसऱ्या कोणाच्याही बंदुकीला लावता येतात, म्हणजेच मालकाच्या शरीराशी त्यांचा काही संबंध नसतो. तयार कोटाची बटणे बदलली म्हणून तो शिंप्याने मापाने शिवलेला ठरत नाही. माझ्या वर-खाली नळ्यांच्या बारा बोअर (नळीच्या व्यासाचे माप) दुनळीसाठी बर्मिंगहॅममधील एका स्वतंत्र कारागिराकडून मी नवा दस्ता करून घेतला, तेव्हा हा फरक नेमका कोठे पडतो ते जवळून पाहता आले.

कामाची सुरुवात लाकडापासून नव्हे, तर नेमबाजापासून होते. दोन्ही डोळे उघडे ठेवून कारागिराच्या डोळ्याकडे बोट रोखायला लावून त्याने आधी माझा कोणता डोळा प्रधान आहे, म्हणजे नेम धरताना कोणता डोळा पुढाकार घेतो, ते तपासले. त्यानंतर बिजागऱ्या आणि स्क्रू असलेली ‘ट्राय-गन’ हाती दिली. तिच्या दस्त्याची लांबी, उंची आणि बाजूचा कल हवा तसा बदलता येतो. चुना फासलेल्या पोलादी पत्र्यावर सोळा यार्डांवरून, नेम न धरता, बंदूक खांद्याला लागताच बार काढायचा असतो. या अंतरावर छऱ्यांचा पुंजका एक इंच चुकला, तर दस्त्यात एक सोळांश इंचाचा बदल करावा लागतो. माझा पुंजका दोन इंच खाली आणि तीन इंच डावीकडे पडत होता. म्हणजे गाल टेकतो ती कड अष्टमांश इंचाने उंच करायची आणि दस्ता तीन सोळांश इंचाने आणखी उजवीकडे कलवायचा. छऱ्याच्या बंदुकीला मागची माशी (नेम धरण्याची खूण) नसते, नेमबाजाचा डोळाच तिचे काम करतो. त्यामुळे डोळा कोठे यावा हे दस्ता ठरवतो आणि मण्याचा रंग कितीही झगझगीत असला तरी त्यात काही फरक पडत नाही.

आक्षेप येईल, की गाल टेकण्याची पट्टी वर-खाली करणारे यंत्र तयार मिळते, तेवढ्याने भागणार नाही का? उंचीपुरते बरेचसे भागते. माझा तळहात लहान आहे, आणि कारखान्यातील दस्त्याच्या मुठीपासून चाप माझ्या बोटाला लांब पडत असे. ती मूठ बारीक करून तिची वक्रता बदलणे कोणत्याही सुट्या भागाला साधत नाही. शिवाय दस्ता नुसता कापून आखूड केला की मागचे वजन घटते आणि बंदूक पुढे झुकते. नव्या दस्त्यात लांबी, मूठ आणि तोल यांचा विचार एकदमच करता येतो. आतून किती लाकूड पोखरायचे हे कारागिराने नळ्या ज्या खिळीवर उघडतात तिच्याशी तोल जुळवून ठरवले.

लाकूड तुर्की अक्रोडाचे होते. मला गडद रेषांचा एक तुकडा आवडला होता, पण मुठीजवळ त्याचे तंतू आडवे जात असल्याने कारागिराने तो सरळ बाजूला ठेवला, कारण धक्का बसून दस्ता तडकतो तो तेथेच. पुढचे काम पाहण्याजोगे होते. बंदुकीचा पोलादी सांगाडा दिव्यावर धरून त्यावर काजळी धरायची, तो लाकडात दाबायचा, जेथे काळा डाग उमटेल तेथे छिन्नीने पापुद्र्याएवढे लाकूड काढायचे आणि पुन्हा दाबायचे. सगळीकडे सारखा डाग उमटेपर्यंत हे चालूच राहते. शेवटी जवसाच्या तेलाचे हात, तेही एक वाळल्यावरच दुसरा.

तरीही माझी बंदूक पूर्णार्थाने ‘कस्टम’ झाली, असा दावा मी करणार नाही. तिचा सांगाडा आणि नळ्या कारखान्यातल्याच आहेत. १८१४ पासूनची पर्डी किंवा १८३५ पासूनची हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या घराण्यांत नळ्यांची लांबी, एकूण वजन आणि चोकही गिऱ्हाइकाप्रमाणे ठरवून बंदूक घडवली जाते, आणि त्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. आपल्याकडील संस्थानिक इंग्लंडहून अशा बंदुका मागवत, हे प्रसिद्धच आहे. त्यांतली एखादी आज वंशजाच्या खांद्याला नीट बसली, तर तो योगायोगच समजावा.

तक्रारीही आहेत. सांगितलेली मुदत बरीच उलटली आणि दर वेळी विचारणा मलाच करावी लागली. खर्च काही हजार पौंडांच्या घरात जातो, आणि विकताना तो वसूल होत नाही, कारण हा दस्ता दुसऱ्याला बसणार नाही. कारागिराने सर्व मापांचा तक्ता लिहून दिला, हे मात्र उत्तम केले. तो पुढच्या बंदुकीलाही कामी येईल. ज्यांच्या मापात केवळ उंचीचा किंवा कलाचा थोडा फरक आहे, त्यांनी मूळचाच दस्ता उष्णता देऊन वाकवून घ्यावा. हाच कारागीर ते काम बऱ्याच कमी पैशांत करतो, फक्त लाकूड कालांतराने थोडे मूळपदावर येऊ शकते, म्हणून काही महिन्यांनी माप पुन्हा तपासून घ्यावे.