जुनी बलेनो आरएस घेऊन दोन वर्षं झाली, आता सांगतो

सोसायटीत, ऑफिसात, सासरी, सगळीकडे एकच प्रश्न, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) आहे म्हणजे खर्च खूप येत असेल ना? म्हणून एकदाच लिहून टाकतो. गाडी २०१७ ची मारुती बलेनो आरएस, म्हणजे टर्बोवाली बलेनो, मी तिसरा मालक, घेतली तेव्हा रनिंग ५२ हजार होतं, आता ७९ झालंय. राहायला मुलुंड, ऑफिस बीकेसी, गाव सिन्नरजवळ. म्हणजे आठवडाभर ट्रॅफिक आणि महिन्यातनं एकदा कसारा घाट.

इंजिन ९९८ सीसी, तीन सिलिंडरचं बूस्टरजेट, हे सुझुकीच्या टर्बो पेट्रोल इंजिनाचं नाव. ताकद १०२ पीएस आणि टॉर्क, म्हणजे ओढ, १५० एनएम, त्या वेळच्या साध्या १.२ पेट्रोल बलेनोला ८४ आणि ११५ होते, आता तुम्हीच बघा. बाहेरच्या देशांत हेच इंजिन १११ पीएस नि १७० एनएम द्यायचं, आपल्याला मुद्दाम कमी करून दिलं, त्याचा राग अजून आहे. सुझुकीला बारक्या इंजिनाला टर्बो लावायचं काही नवीन नाही म्हणा, जपानमध्ये ६६० सीसीच्या केई, म्हणजे तिकडच्या चिमुकल्या गाड्यांतनं ते ६४ पीएस कधीपासून काढतायत.

खरी मजा घाटात. चार माणसं, डिकीत बाबांनी कोंबलेली कांद्याची गोणी, एसी चालू, आणि गाडी तिसऱ्या गिअरवर गपगुमान चढते, ट्रकच्या मागनं बाहेर काढायची असली तरी बऱ्याचदा गिअर खाली घ्यावा लागत नाही. आधीच्या गाडीत कसारा आला की पहिलं काम म्हणजे एसी बंद, आणि मग मागनं आईचं सुरू व्हायचं. ब्रेकपण चांगले, चारही चाकांना डिस्क आहेत.

शहरात मात्र वेगळी कथा. कागदावर पूर्ण टॉर्क १७०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) येतो, पायाला विचाराल तर २०००, त्याच्या खाली गाडी झोपलेली. कांजूर ते विक्रोळी रेंगाळताना याचा वैताग येतो, दाबलं तर आधी काहीच नाही आणि मग एकदम उडी, पुढे रिक्षा असते. ऑटोमॅटिक आरएसमध्ये आलंच नाही, त्यामुळे रोज बीकेसी करणाऱ्यांनी आधी डाव्या पायाला विचारा. मायलेज शहरात १२-१३, नाशिक हायवेला १८ पर्यंत, तेही उजवा पाय शहाणा असेल तर.

आता खर्चाचं. टर्बोचं चाक एक्झॉस्टच्या गरम हवेवर मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतं आणि त्याचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर फिरतो, बास, सगळी मेख इथे आहे. ऑइल जुनं, कमी किंवा भलत्याच ग्रेडचं असलं की दांडा घासतो, टर्बो जातो, आणि मग ते बिल बघून घरी काय सांगायचं हा प्रश्न पडतो. मी फुल्ली सिंथेटिकच घालतो, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं, १० हजारची वाट न बघता ७ हजारलाच बदलतो, कारण आपल्या ट्रॅफिकमध्ये किलोमीटर कमी आणि इंजिनाचे तास जास्त होतात. डिपस्टिक काढून ऑइलची पातळी दर रविवारी बघतो. घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलो की चावी लगेच फिरवत नाही, मिनिटभर चालू ठेवतो, नाहीतर तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑइल जळून कोळसा होतं. बायको म्हणते, तू गाडीची आरती करतोयस का? करतो.

डायरेक्ट इंजेक्शनचं एक दुखणं आहे, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, हवा आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह त्याने धुतले जात नाहीत, तिथे हळूहळू काजळी बसते. माझ्या गाडीची ७० हजारला साफ करून घेतली, आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, जी थरथर होती ती गेली.

आणि आता तो किस्सा. मागच्या पावसाळ्यात एका गॅरेजला (नाव घेत नाही) एअर फिल्टर बदलला, दुसऱ्या दिवशी गाडी ओढेना, दाबलं की कुकरसारखी शिट्टी. परत नेली तर मिस्त्रीने बोनेट उघडायच्या आधीच सांगितलं, टर्बो गेला साहेब, नवीनच टाकावा लागेल, ऐंशी हजाराच्या आसपास धरून चाला. माझ्या पोटात गोळा. भांडुपच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांकडे गेलो, त्यांनी रेस द्यायला लावली, कान लावला, पाइपावरनं हात फिरवला आणि हसले, "अरे, क्लॅम्प ढिला आहे, हवा बाहेर चाललीये." स्क्रू ड्रायव्हर, दोन मिनिटं. पैसे घेईनात, बळंच शंभर रुपये दिले.

दोन वर्षांत टर्बोवर म्हणून वेगळा झालेला खर्च तेवढाच, बाकी महागडं ऑइल, ती काजळी आणि एकदा प्लग. आरएस २०२० मध्ये बंद झाली तरी बरेच पार्ट साध्या बलेनोचेच आहेत, आणि बूस्टरजेट २०२३ पासून फ्राँक्समध्ये परत आलंय, त्यामुळे मेकॅनिकलाही आता ते अनोळखी नाही. आरएसचा पुढचा बंपर तेवढा जपा, तो वेगळा आहे.

बघायला जाणार असाल तर मालकाला आधीच फोन करून सांगा की गाडी तापवून ठेवू नका, थंड इंजिन स्वतः चालू करा आणि सायलेन्सरमागे उभे राहा. निळा धूर दिसला, म्हणजे ऑइल जळतंय, तर चहासुद्धा न पिता परत या.