ओरहान केमाल: आधी '७२वी बराक' की 'सुपीक जमिनीवर'?

एका मित्राला तुर्की कादंबरीकार ओरहान केमाल वाचायचाय, पण सुरुवात कुठून करावी हे ठरत नाहीये. तुर्की नावांचे हे मराठी अर्थ माझेच. दोन्ही पुस्तकं १९५४ची.

वेळ पाहिला तर 'बराक' छोटी, एका बैठकीत संपणारी. 'सुपीक जमिनीवर' ऐसपैस, आठवडा खाते.

गरिबी दोन्हीकडे आहे, पण तऱ्हा वेगळी. 'बराक'मध्ये तुरुंगातले सगळ्यात कफल्लक कैदी. त्यातल्या कॅप्टनला आईकडून पैसे येतात आणि अख्ख्या बराकीचा नूर पालटतो. तुर्की कवी नाझिम हिकमतसोबत बुर्साच्या तुरुंगात राहिलेल्या माणसाचं हे लेखन, त्यामुळे तपशील पक्के. दुसरीत यूसुफ, हसन आणि अली हे तीन गाववाले कामासाठी चुकुरोवाला, म्हणजे दक्षिण तुर्कस्तानातल्या कापसाच्या मैदानी पट्ट्यात, जातात. कापसाचा कारखाना, मुकादम, मळणीयंत्र, मजुरीतली कापाकापी. ऊसतोडीच्या टोळ्या पाहिलेल्या वाचकाला मुकादम वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

मनाला चटका दोन्ही लावतात. 'बराक' झटकन, दुसरी हळूहळू. मला दुसरीच जास्त पुरली.

रविवारची दुपारच मोकळी असेल तर 'बराक' घे. स्थलांतरित मजुरांचं जग समजून घ्यायचं असेल, तर थेट चुकुरोवा.